चिंचघाटावरचा तांबडा खण

खण माझा होता, बांबू धाकूचा होता आणि दगड नदीचे होते. त्यात देवी कुठून आली, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण आली खरी. आणि तीही नेमकी मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात. ती वेळ माझी होती. अकरा महिने अर्ज लिहून, लोकांच्या ओसऱ्यांवर चपला झिजवून मिळवलेली.

मी सुमती आगाशे. कल्याणला मुलींच्या शाळेत गणित शिकवते. कवायतही माझ्याकडेच, कारण बाकीच्या तिघींनी गुडघेदुखीची सबब आधीच सांगून ठेवली होती. पोहायला मी लहानपणी शिकले, कोकणात मामांच्या विहिरीवर, कमरेला वाळका भोपळा बांधून. लग्न होऊन इकडे आले आणि पाहिलं तर दाराशी एवढी मोठी उल्हास नदी, बायकांचा निम्मा जन्म त्या नदीत जातो, धुणं नदीत, गोधड्या नदीत, गौरी नदीत, आणि एकीलाही पोहता येत नाही. मुलगे मात्र चिंचेवरून उड्या मारतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटलं, आणि तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

चिंचघाट शहाडच्या अलीकडे आहे. सोळा पायऱ्या आणि वर एक जुनी चिंच. घाटाची सगळी व्यवस्था चिंचघाट मंडळाकडे. पोहणाऱ्यांनी कधी उतरायचं, म्हशी कुठे धुवायच्या, धोब्यांचे दगड कुठवर, गळ टाकून बसणाऱ्यांनी कुठे बसायचं, रविवारी मुंबईहून पेटी आणि स्टोव्ह घेऊन येणाऱ्या सहलीवाल्यांना होडी किती वेळ द्यायची, हे सगळं मंडळ ठरवी. मंडळात नऊ गृहस्थ होते आणि नवांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. अध्यक्ष त्र्यंबकराव देवधर म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. ते नदीला नमस्कारसुद्धा वरच्या पायरीवरून करीत.

एक्कावन्न सालची दिवाळी झाली आणि मी मंडळाला पहिला अर्ज दिला. मुलींना पोहायला शिकवण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस सकाळी एक तास घाट मिळावा. सोबत बारा मुलींची यादी. यादीत पहिलं नाव नंदाचं. ती आठवीत होती, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, त्रैराशिक तोंडी करणारी. "बाई, माझं नाव पहिलं घाला हं," म्हणून माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि मी ते लिहीपर्यंत हलली नाही.

मंडळाचं उत्तर आलं: अर्ज विचारार्थ ठेवला आहे.

आमच्याकडे 'विचारार्थ' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. त्या हिवाळ्यात रेतीच्या होड्या घाटाच्या अगदी कडेला लागू लागल्या. रेती काढणाऱ्यांनी पायऱ्यांच्या उजव्या अंगाला असा खड्डा पाडला, की दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळच नाही. ते थांबवण्याबद्दल मी तोंडी बोलले, तर त्र्यंबकराव म्हणाले, "पावसात आपोआप भरून येईल."

फाल्गुनात नंदा आईबरोबर धुणं धुवायला गेली. एक परकर सुटून वाहत निघाला, तो धरायला ती पुढे झाली. दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला गेली. पायरीपासून चार हात. तिची आई हौसाबाई आणि आणखी दोघीजणी काठावर होत्या. तिघींनी लुगड्याचे पदर सोडून तिच्याकडे टाकले. पदर पोचले नाहीत. मी तेव्हा वर्गात दशांश अपूर्णांक शिकवत होते.

दुखवट्याचा ठराव मंडळाने त्याच आठवड्यात केला. अर्ज विचारार्थच राहिला.

मग मी दुसरा अर्ज दिला, मग तिसरा. त्यात मी कारणं दिली, शेजारच्या गावांचे दाखले दिले, एकदा तर चक्क रागाने लिहिलं, आणि तेवढं वाक्य गाळून पुन्हा लिहून द्या असा निरोप आला. मी पुन्हा लिहून दिलं. बावन्न सालच्या ऑक्टोबरात परवानगी मिळाली, तीन अटींवर. एक, खोल पाण्याची जागा तांबड्या निशाणाने दाखवावी. दोन, सर्व जबाबदारी आगाशेबाईंची राहील. तीन, मदतीसाठी होडी आणि नावाडी हजर असावा, मात्र नावाड्याने मुलींकडे पाठ करून बसावं.

ही तिसरी अट मी दोनदा वाचली. बुडणाऱ्याला वाचवायला ठेवलेला माणूस, आणि तोंड पलीकडच्या मोहने गावाकडे! पण म्हटलं, भांडत बसले तर आणखी अकरा महिने जातील. गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

निशाणाचं कापड मंडळ देणार होतं. तीन आठवडे वाट पाहिली. शेवटी ट्रंकेतून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळालेला एक खण काढला, तांबडा, पिवळ्या काठाचा, आणि तो घेऊन घाटावर गेले. धाकू म्हणजे मंडळाचा नावाडी. वय साठीचं, नदी त्याला आपल्या घरासारखी पाठ. खड्डा पावसात भरला नव्हताच. धाकूने बांबू घालून पाहिलं, दीड पुरुष पाणी. खड्ड्याच्या कडेला पाण्याबाहेर जेमतेम डोकावणारा एक खडक आहे, त्याच्या फटीत त्याने बांबू रोवला. बांबू डुलायला लागला, म्हणून बुडाशी दगड बसवले. दगड लांबून दिसावेत म्हणून मी त्यांना चुना लावला. किती दगड बसवले ते मोजले नाहीत. गणिताच्या बाईने मोजायला हवे होते.

वर्ग सुरू झाला. बाराऐवजी अकरा मुली. परकराचा कासोटा, वर पोलकं, कमरेला भोपळा. पहिल्या दिवशी नुसतं पायरीवर बसून तोंड पाण्यात घालायचं. उत्तरा नावाची एक बारकी मुलगी तोंड घालायच्या आधीच रडली. हिवाळ्यात सकाळी नदीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ते कळल्यावर मात्र बाहेर काढणं कठीण झालं. चौथ्या दिवशी हेमा उताणी तरंगली आणि ओरडली, "बाई, ढग दिसतायत!" आठव्या दिवशी ती भोपळ्याशिवाय पायऱ्यांपासून धाकूच्या होडीपर्यंत गेली आणि परत आली. वर्गाचे आठ दिवस, दर दिवशी एक तास. मी वर येऊन पदराने तोंड पुसलं आणि खूप वेळ पुसत राहिले.

आणि पाचव्या आठवड्यात दगडांना शेंदूर लागलेला दिसला.

"हे कुणी केलं रे?" मी धाकूला विचारलं.

धाकू आमच्याकडे पाठ करून बसला होता, तसाच बसून म्हणाला, "बाय, दगड सात झालं."

"सात कुणी लावायला सांगितले होते तुला?"

"बांबूला जेवढं लागलं तेवढं लावलं. मना काय ठाव?"

पाण्याच्या कडेला सात दगड, वर तांबडा खण. मी कपाळावर हात मारला. साती आसरा! पाण्यातल्या सात बहिणी. मनात आलं तर सांभाळतात, मनात आलं तर ओढून नेतात. आमच्या मुलुखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त स्वतःच्या हाताने मांडताना दिसलं नाही.

पुढच्या मंगळवारी नारळ आले, हिरव्या बांगड्या आल्या, दहीभात आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बायका आल्या वीसेक, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे नवरे. देवीचे वार म्हणजे माझेच वार, आणि वेळ माझीच, कारण पूजा उन्हं चढायच्या आत व्हायला हवी. मग ओटीचं सामान विकणारा चिंचेखाली बसला. मग तालमीतले बाप्ये पाण्यात टाकलेले नारळ काढायला खड्ड्यात बुड्या मारू लागले. इथे खोल आहे, येऊ नका, म्हणून लावलेलं निशाण. आणि अख्खं गाव बरोबर तिथेच येत होतं.

एका बुधवारी मी जाऊन खण सोडून आणला. शुक्रवारी बांबूला तीन खण होते.

ओल्या कपड्यांतल्या मुली आणि पायऱ्यांवर बाप्यांची रांग. कोण आईबाप पाठवतील? उत्तराच्या वडिलांनी मला चिठ्ठी पाठवली, देवदर्शनाला आमची ना नाही पण प्रदर्शनाला आहे. अकराच्या आठ झाल्या, आठाच्या पाच. उत्तरा मात्र वडिलांना न सांगता येतच राहिली.

मी त्र्यंबकरावांकडे गेले. ते झोपाळ्यावर सुपारी कातरत होते.

"त्र्यंबकराव, तिथे देवी नाही. तो माझा खण आहे. तुम्ही कापड दिलं नाहीत म्हणून मी लावला."

"बाई, आपण लावलात हे मला मान्य आहे," ते म्हणाले. "परंतु आता प्रश्न भावनेचा आहे."

"प्रश्न खड्ड्याचा आहे! कुणीतरी बुडेल तिथे."

"म्हणूनच मंडळाचा विचार आहे, की त्या ठिकाणी एक चांगला ओटा बांधून घ्यावा. म्हणजे दर्शनाची सोय होईल. मुलींच्या वर्गाला आपण दुसरी जागा देऊ."

"कुठली?"

"म्हशी धुतात त्याच्या पलीकडे थोडी मोकळी जागा आहे."

मी तशीच उठले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली होती. म्हणायचे ते सगळे शब्द मला घरी पोचल्यावर सुचले, आणि ते आमच्या ह्यांना ऐकावे लागले. हे मोहन्याच्या कारखान्यात टाइमकीपर. दिवसभर भोंगे ऐकून आलेला माणूस, त्याने तेही ऐकून घेतलं.

हे सगळं सुरू कुणी केलं, ते मला तोवर कळलं होतं. पहिला शेंदूर हौसाबाईचा. नंदाची आई. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी येई आणि सगळ्यांच्या शेवटी जाई. तिच्याशी बोलायचं मी टाळत होते, पण पाच मुली उरल्या त्या दिवशी माझा तोल गेला. बाकी बायका निघून गेल्यावर मी तिला पायरीवर गाठलं.

"हौसाबाई, तुम्हाला एक स्पष्ट सांगते. ती देवी नाही. तो माझ्या ट्रंकेतला खण आहे."

तिने परात खाली ठेवली. "ठावं हाय मला, बाई. तुमी आन धाकूनं बांबू रवला तवा मी वर चिचंखाली व्हते."

"मग? ठाऊक असून शेंदूर लावलात?"

"धा म्हयनं झालं. माजी पोर कुटं गेली त्ये दावायला नदीवर एक खूण नव्हती. पानी सगळं सारखंच. धुनं घिऊन यायचं म्हनलं तरी कुटं बघावं आन कुटं न्हाई, समजत नव्हतं. तुमी बरूबर तितंच काठी लावली." ती पाण्याकडे बघत होती. "आता म्या तिला बांगड्या देते, दहीभात देते. पोरीला दहीभात आवडायचा. तुमी म्हनता काढा. काढते. मग म्या कुटं जाऊ?"

मला लाज वाटली, रडू आलं, आणि खरं सांगायचं तर रागही गेला नाही. ही बाई बसली होती मुलीच्या जागेवर, आणि मी ज्या पाच मुली सांभाळत होते त्याही त्याच मुलीपायी. दोघींचं म्हणणं एकच आणि दोघी एकमेकींच्या वाटेत. नंदाने यादीत पहिलं नाव घालून घेतलं होतं आणि ती यादी तेव्हा मंडळाच्या कपाटात पडून होती, हे तिला सांगायचं माझ्या ओठांवर आलं. पण धीर झाला नाही.

"निदान त्या खडकावर जाऊ नका," मी म्हटलं. "तेलाने निसरडा झालाय."

"आसरांच्या दारात कोन पडतं?" ती म्हणाली आणि परात उचलून गेली.

माघातल्या शुक्रवारी ती पडली.

तीसएक माणसं घाटावर होती. मी पाच मुलींना घेऊन डाव्या अंगाला कमरेइतक्या पाण्यात होते. हौसाबाई ओटीची परात घेऊन खडकावर चढली, वाकली, आणि पाय सरकला. परात वाजली. काठावर "आई गं! आई!" असा ओरडा झाला. पण तसा ओरडा तर दर शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या अंगात आलं की व्हायचाच. धाकू नियमाप्रमाणे मोहन्याकडे तोंड करून बसला होता, तो तसाच बसून राहिला. हेमा किंचाळली, "बाई, नंदाची आई!"

मी पाणी कापत खडकापाशी गेले. हौसाबाई एकदा वर आली, नुसते डोळे आणि केस, आणि परत खाली गेली. बुडणाऱ्या मोठ्या माणसाला हाताने धरायचं नसतं, ते आपल्यालाही घेऊन जातं. माझ्याजवळ ना दोरी ना काही. समोर बांबू होता, खणांचा. मी तो दोन्ही हातांनी उपटायला लागले.

"काठी उपटू नका हो बाई! काठी उपटू नका!" पायऱ्यांवरून एक गृहस्थ ओरडले. पाण्यात एक जीव चालला होता आणि त्यांना काठीची काळजी.

बांबू निघाला. सात दगड खड्ड्यात गेले. मी बांबू पाण्यात पुढे केला, हेमा माझ्यामागून आली आणि तिने बांबूचं आमच्याकडचं टोक धरलं. खणांचा बोंगा हौसाबाईच्या तोंडाजवळ आला आणि तिने तो मिठी मारून धरला. आम्ही दोघींनी ओढलं. चार हात. पुरे चारच हात. तिचे गुडघे पायरीला लागले तेव्हा धाकू होडी घेऊन पोचला आणि आईबहिणीवरून शिव्या देत सुटला. कुणाला देत होता ते त्यालाही माहीत नसेल. मला त्या ऐकून बरं वाटलं.

काठावर बायका हात जोडून उभ्या होत्या. "आसरांनी वाचवली गं बाई! खण धरून वर आली!" हेमा माझ्याशेजारी थंडीने कुडकुडत होती, तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. एका बाईने तर तिला बाजूला सारून बांबूला कुंकू लावलं.

संध्याकाळी त्र्यंबकरावांच्या ओसरीवर मंडळाची तातडीची सभा झाली. मला बोलावलं होतं, जबाबदारी माझी म्हणून. ठराव आधीच लिहून तयार होता. घाटावर अपघात घडला, देवस्थानाच्या काठीचा अवमान झाला, मुलींच्या जलक्रीडेने भाविकांची मने दुखावली. सबब मुलींचा वर्ग पुढील विचार होईपर्यंत स्थगित.

"पुढील विचार," मी म्हटलं. "तुमचे विचार मला माहीत आहेत. तुमचा विचार चालू असताना नंदा बुडाली. आज आई बुडत होती. तिला मुलींनी काढली, त्या मुलींचा वर्ग तुम्ही बंद करताय, आणि जिथे ती बुडत होती तिथे ओटा बांधताय!"

"बाई, आवाज वाढवू नये," त्र्यंबकराव म्हणाले. "आपल्याला लेखी काही सादर करायचं असल्यास अर्ज द्यावा."

मी घरी आले. चौथा अर्ज लिहायला कागद घेतला आणि तारीख टाकून तसाच ठेवला.

मंगळवारी मी घाटावर गेले ती भोपळे आणि दोरी परत आणायला. पाच मुली सवयीने तिथे येऊन उभ्या होत्या, त्यांना घरी पाठवायचं होतं. पाहते तर चिंचेखाली ही गर्दी! वाचलेली बाई बघायला शहाडपासून लोक आले होते. त्र्यंबकराव आणि मंडळाचे आणखी दोघे ओट्याची जागा आखायला फीत घेऊन आले होते. आणि मध्ये हौसाबाई केस मोकळे सोडून घुमत होती.

"माझ्या दारात बाप्या कोन आनतो?" तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "आमी सात बहिनी न्हाताना बाप्यांनी बघावं? कुणाच्या घरची रीत ही?"

दोन-चार पुरुष मागे सरकले.

"आई, चुकलं माकलं पोटात घाला," कुणी बाई म्हणाली. "काय करावं ते सांगा."

"मंगळवार-शुक्करवार, उन्हं येईस्तोवर, पान्यावर बाया आन पोरी. बाप्या पायरीवर दिसला तर वडून नेईन! आन मला पान्यात हुबी करू नगा, थंडी वाजती. हितं चिचंखाली ठिवा. खड्ड्यावर वटा बांदला तर एकेकाला गिळीन!"

त्र्यंबकरावांनी हातातली फीत गुंडाळली. टोपी नीट केली, हात जोडले आणि कचेरीत साहेबासमोर उभं राहावं तसे उभे राहून विचारलं, "आणखी काही आज्ञा?"

"मास्तरनीला छळू नगा. पोरींना न्हाऊ द्या. धाकू बसंल. पन त्यानं त्वांड हिकडं करून बसावं!"

त्र्यंबकरावांनी खिशातून डायरी काढली आणि सगळं लिहून घेतलं. उभ्याउभ्या. दहा मिनिटांत! मी तीन अर्ज केले होते. त्यात नेमकं हेच होतं: ही वेळ, हे वार, पुरुषांना बंदी, खड्ड्यापासून दूर जागा. कारणांसकट, मुद्देसूद, ताव दोन्ही बाजूंनी भरून. ते अकरा महिने विचारार्थ राहिले. आणि केस सोडून घुमणाऱ्या बाईचं वाक्य न् वाक्य मंजूर. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाची नुसती आग झाली. नदीत उडी मारून पार मोहन्यापर्यंत पोहत जावं असं वाटलं.

पुरुष वर निघून गेले. बायकाही पांगल्या. दोघींनी चार दगड आणून चिंचेखाली ठेवले होते, बाकीचे शोधायला त्या गेल्या. हौसाबाई पायरीवर बसली आणि शांतपणे केस बांधू लागली.

"खरं सांगा," मी तिच्यापाशी जाऊन म्हटलं, "अंगात आलं होतं?"

तिने अंबाड्याला गाठ मारली. "मला ठावं न्हाई, बाई. इतकं दीस रडू येत व्हतं. आज ह्ये आलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं अर्ज किती झालं?"

"तीन."

"माजा येक."

मला हसू आलं आणि त्या हसण्याचाही राग आला.

त्या दिवशी वर्ग झाला. खड्ड्यावर मी नवा बांबू लावायला घेतला. खणाच्या वाटेला गेले नाही. आमच्या ह्यांच्या जुन्या छत्रीचं काळं कापड बांधलं. आणि दगड धाकूकडून मोजून घेतले. सहा. धाकू होडीत आमच्याकडे तोंड करून बसला, इतका संकोचून की शेवटी मुलींनीच त्याला, "बाबा, बघा की इकडे," म्हणून सांगितलं.

हौसाबाई अजून पायरीवरच होती. मुली पाण्यात उतरल्या तशी ती उठली, तिने नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला आणि एक-एक पायरी उतरत माझ्याजवळ आली.

"मला बी शिकवा," ती म्हणाली.

मी तिला पायरीवर बसवलं, हेमाचा भोपळा तिच्या कमरेला बांधला. "आधी तोंड पाण्यात घालायचं. श्वास कोंडून. भीती वाटली तर लगेच वर यायचं."

तिने मान हलवली, पण तोंड घातलं नाही. हेमा समोरून उताणी तरंगत होडीकडे चालली होती. हौसाबाई तिच्याकडे बघत राहिली.

"ह्या पोरीला किती दीस लागलं, बाई?"

मला प्रश्न कळला. खोटं सांगावं असं फार वाटलं. वर्ष लागलं म्हणावं, दोन वर्षं म्हणावं.

"आठ," मी म्हटलं.

"आठ दीस."

"हो."

"नंदानं मला सांगितलं व्हतं. बाईंनी माजं नाव पयलं घातलंय म्हून. तवा दिवाळीच्या पनत्या अजून दारात व्हत्या." तिने ओला हात वर केला आणि अंगठ्याने बोटं मोजली. "कार्तिक. मार्गेसर. पूस. माघ. फागुन."

मोजून झाल्यावर ती हाताकडे बघत बसली. मी तीन अर्ज केले होते, भांडले होते, पण हिच्या घरी जाऊन हे सांगितलं नव्हतं. आणि तिला ते सगळ्या वेळ ठाऊक होतं. "हौसाबाई," मी म्हटलं.

मी काही सांगायच्या आत तिने तोंड पाण्यात घातलं. मी आकडे मोजू लागले. पाच झाले, दहा झाले, पंधरा झाले. मुली पहिल्या दिवशी तीनलाच वर येतात. वीस झाले तेव्हा मी घाबरून तिचा दंड धरला. ती वर आली, नाकातोंडातून पाणी गळत होतं, डोळे लाल झाले होते. तिने पदराने तोंडही पुसलं नाही.

"आता फुडचं सांगा," ती म्हणाली.